भांडण नाही, वकीलही नाही. मग कागदात काय लिहायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लग्नाला तेरा वर्षं झाली, मुलगी दहा वर्षांची आहे. संसार पुढे चालणार नाही हे दोघांनाही कळून चुकलंय. मारहाण नाही, तिसरं माणूस नाही. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज टाइप करून घेऊन दोघांनी तो कौटुंबिक न्यायालयात स्वतःच दाखल केला. अर्जानंतर थांबायचे सहा महिने पुढच्या महिन्यात पूर्ण होतात. त्याआधी सविस्तर संमतीच्या अटी आणि दोघांची प्रतिज्ञापत्रं आणा, असं विवाह समुपदेशकांनी सांगितलंय. नवरा म्हणतो, "दोन पानांत होईल. वकील आला की भांडण आलं." मोठा भाऊ म्हणतो, "वकिलाशिवाय सही केलीस तर पुढे मला विचारू नकोस." फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्जही दोघांच्या नावावर. फ्लॅट नवरा ठेवणार आहे. पत्रलेखिका म्हणते, "मला त्यांच्याकडून काहीही नको, मानाने बाहेर पडायचंय." आणखी एक पेच आहे. अर्ज दाखल करण्याआधी दीड वर्ष वेगळे राहतोय असं अर्जात लिहिलंय, पण त्यातलं पहिलं वर्ष दोघं त्याच घरात, वेगवेगळ्या खोल्यांत राहत होते. नवऱ्याचा एक मित्र सुचवतोय की प्रतिज्ञापत्रात तेव्हापासूनचा माहेरचा पत्ता टाकून द्या. "हे वकिलाशिवाय जमेल का? की एका चुकीने सगळं मुसळ केरात जाईल?"

सप्रेम नमस्कार,

जमेल. हे आधी सांगते, कारण कोर्टाच्या कागदांची भीती तुमच्या पत्रात ओळीओळीला जाणवते आणि त्या भीतीपोटीच काहीतरी चुकीचं लिहिलं जाण्याची शक्यता जास्त आहे. कौटुंबिक न्यायालयांचा १९८४ चा कायदा मुळात पक्षकारांनी स्वतः बोलावं अशाच हेतूने केलेला आहे. त्याच्या १३व्या कलमानुसार तिथे वकील उभा करणं हा पक्षकाराचा हक्क मानलेलाच नाही. वकील द्यायचा तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. अर्ज, अटी, प्रतिज्ञापत्र मराठीतून चालतात. तेव्हा तुम्ही दोघं स्वतः उभे राहताय यात काही विचित्र नाही, आणि त्यापुरतं तुमच्या यजमानांचं बरोबर आहे.

पण "भांडण नाही, म्हणजे लिहिण्यासारखंही फारसं नाही" हे त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. त्याकडे येतेच. आधी तो पत्त्याचा विषय संपवते, कारण तुमच्या पत्रातली खरी धोक्याची जागा ती आहे.

माहेरचा खोटा पत्ता टाकू नका. एक तर प्रतिज्ञापत्र शपथेवर असतं आणि शपथेवर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. दुसरं म्हणजे त्या खोट्याची तुम्हाला गरजच नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब म्हणतं की अर्जाआधी निदान एक वर्ष पती-पत्नी वेगळे राहिलेले असावेत. वेगळे म्हणजे काय, याचा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश या निकालात केलेला आहे. पती-पत्नी म्हणून नातं उरलेलं नसणं महत्त्वाचं. ते कुठे राहतात हे नाही. परिस्थितीमुळे एका छपराखाली राहूनही माणसं या अर्थाने वेगळी असू शकतात. तुमचं अगदी तेच झालंय. मग ते तसंच लिहा: "अमुक महिन्यापासून आम्ही पती-पत्नी म्हणून एकत्र राहत नाही. मुलीच्या शाळेमुळे सुरुवातीचं एक वर्ष आम्ही त्याच घरात स्वतंत्र खोल्यांत राहिलो. अमुक तारखेपासून अर्जदार क्रमांक २ माहेरी राहते." न्यायाधीशांनी विचारलं तर याच शब्दांत सांगा. खोटा पत्ता दिलात, तर मुलीच्या शाळेची कागदपत्रं, आधार, बँकेचे पत्ते सगळे तुमच्या विरुद्ध साक्ष देत बसतील. टायपिस्टने मूळ अर्जात याहून वेगळं काही लिहिलं असेल, तर ते झाकू नका. दुरुस्तीचा अर्ज द्या. तुमचा अर्ज बाहेर काढून आज एकदा सलग वाचा. पुष्कळ जण आपल्याच सहीखालचा मजकूर कधी वाचत नाहीत.

आता "दोन पानं".

तुम्ही दोघं आज समंजस आहात. पण संमतीच्या अटी तुमच्यासारख्या दोन समंजस माणसांना आज वाचायच्या नसतात. पाच-सात वर्षांनी, त्यांचं दुसरं लग्न झालेलं असेल, तुमची बदली झालेली असेल, मुलगी दहावीला असेल, तेव्हा तुमच्यापैकी एकाला तो कागद काढून "यात काय ठरलं होतं?" असं पाहावं लागेल. किंवा तुम्हाला दोघांनाही न ओळखणाऱ्या न्यायाधीशांना तो वाचावा लागेल. एखादी अट पाळली गेली नाही तर न्यायालयात दरखास्त दाखल करून तिची अंमलबजावणी करून घेता येते. मात्र त्यासाठी अट मोजता येईल अशी हवी. "वडील मुलीचा योग्य तो खर्च करतील" या वाक्याची दरखास्त कशी करणार? योग्य म्हणजे किती, कधी, कोणत्या खात्यात? या वाक्यावर आज तुमचं एकमत आहे, कारण दोघांच्या मनातले आकडे अजून समोरासमोर आलेले नाहीत. म्हणून मी तुम्हाला सांगेन की अटी लिहिताना जिथे "योग्य", "शक्य तितके", "परस्पर सोयीने" असे शब्द येतील तिथे थांबा. बहुधा तिथे न झालेलं बोलणं दडलेलं असतं.

एक गोष्ट आणखी लक्षात असू द्या. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर, म्हणजे न्यायालयाच्या घटस्फोटाच्या अंतिम आदेशावर, अपील करता येत नाही. "नंतर बघू" म्हणून सोडलेलं नंतर बघणं फार अवघड जातं.

मुलीपासून सुरुवात करा. तिचा ताबा कोणाकडे, एवढं लिहून भागत नाही. वडिलांकडे ती कोणत्या दिवशी, किती वाजता जाणार, मुक्कामी राहणार का, दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीची विभागणी कशी, मधल्या दिवसांत फोन किंवा व्हिडिओ कॉल कधी. शाळेची फी कोण भरणार. शिकवणी, बस, गणवेश हे त्यातच धरायचं की वेगळं. आजारपणाचा मोठा खर्च आला तर वाटणी कशी. तिच्या पासपोर्टसाठी साधारणपणे दोघांची संमती लागते, ती द्यायला कोणी आडकाठी करणार नाही हे लिहा. तुमच्यापैकी कोणी दुसऱ्या शहरात किंवा परदेशात गेलं तर भेटीचं काय, हेही. दरमहा खर्चाची रक्कम, तारीख, खातं आणि दरवर्षी त्यात किती वाढ. आज दहा वर्षांच्या मुलीला पुरणारी रक्कम ती सोळाची झाल्यावर पुरणार नाही, हे वाढीच्या कलमाशिवाय कागदाला कळत नाही. मुलांबाबतच्या आदेशात परिस्थिती बदलल्यास पुढे बदल मागता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये तशी सोय आहे. त्यामुळे सगळं आयुष्य आजच बांधून टाकायचं दडपण घेऊ नका. पुढच्या दोन-तीन वर्षांचं चित्र स्पष्ट दिसलं तरी पुष्कळ झालं.

आणि आता तुमचं ते वाक्य, "मला काहीही नको."

त्यामागचा स्वाभिमान मला कळतो, आणि तो मोडायला मी सांगणार नाही. पण या वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या सुट्या करून बघा. पहिली म्हणजे मुलीचा खर्च. तो तुमचा नाहीच, तो तिचा हक्क आहे. आई म्हणून तुम्ही तो सोडून देऊ शकत नाही, आणि तसं लिहिलंत तर न्यायाधीश बहुधा तुम्हाला तिथेच प्रश्न विचारतील. दुसरी, तुमचं स्त्रीधन. लग्नात तुम्हाला मिळालेले दागिने तुमचेच आहेत; ते परत घेणं म्हणजे कोणाकडून काही घेणं नव्हे. सासूबाईंच्या लॉकरमध्ये काही असेल तर वजनासह यादी करा, ते मिळाल्यावर पोच द्या आणि अटींमध्ये "मिळाले" असं नोंदवा. तिसरी गोष्ट तुमची पोटगी. ही खरोखर तुमच्या मर्जीची आहे. स्वतःच्या कमाईवर तुमचं भागत असेल आणि विचार करून नको म्हणत असाल, तर जरूर नको म्हणा. फक्त "भविष्यातही कधीही मागणार नाही" असं वाक्य लिहून द्यायच्या आधी स्वतःला विचारा की तेरा वर्षांत मुलीसाठी किती वर्षं नोकरी सोडली होती, आणि आज हे वाक्य मी कोणाला काही सिद्ध करून दाखवण्यासाठी लिहितेय का? एकरकमी काही ठरलं, तर ती रक्कम शेवटच्या तारखेला न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्टने द्यावी, आणि ड्राफ्टचा क्रमांक अटींमध्ये यावा. "नंतर ट्रान्सफर करतो" यावर हुकूमनामा घेऊ नका.

फ्लॅटकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण तुमच्या पत्रात त्याला एकच ओळ मिळाली आहे. "फ्लॅट ते ठेवणार" असं अटींमध्ये लिहिलं तरी तुमचं नाव कागदोपत्री आपोआप निघत नाही. साधारणपणे तुमच्या हिश्शाचा हक्कसोड किंवा बक्षीसपत्र करून दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं, मुद्रांक शुल्क भरावं लागतं, मग सोसायटीत नाव बदलावं लागतं. हे कोण करणार, कधीपर्यंत, खर्च कोणाचा, हे अटींमध्ये हवं. पण त्याहून मोठी गोष्ट कर्जाची आहे. तुम्ही दोघांनी आपापसात काहीही ठरवलंत, न्यायालयाने ते मान्य केलं, तरी बँक त्या कराराने बांधली जात नाही. कर्जावर तुमची सही आहे तोवर त्यांचे हप्ते थकले की फोन तुम्हाला येईल आणि तुमचा सिबिल स्कोअर घसरेल. उद्या तुम्हाला स्वतःचं घर घ्यायचं तर हे जुनं कर्ज तुमच्याच नावावर दिसेल. म्हणून या महिन्यात दोघांनी मिळून बँकेत जा आणि कर्ज त्यांच्या एकट्याच्या नावावर करता येईल का ते लेखी विचारा. बँक नाही म्हणाली, तर दुसऱ्या बँकेकडून कर्ज फिरवून घ्यायची मुदत अटींमध्ये घाला. आणि क्रम असा ठेवा की कर्जातून तुमचं नाव निघेल तेव्हाच तुमचा हक्कसोड नोंदवला जाईल. आधी हक्क सोडून कर्ज मात्र अंगावर ठेवायचं, हे मानाने बाहेर पडणं नाही.

हे सगळं यजमानांशी बोलायला तुम्हाला जड जाईल, कारण प्रत्येक आकडा मागणीसारखा वाटतो. असं म्हणून बघा: "आपलं भांडण नाही, ते पुढेही होऊ नये म्हणून मला सगळं लिहून ठेवायचंय. तुमच्या बाजूने काय सुटतंय तेही सांगा." त्यांनाही या कागदातून काही हवं असेलच. मुलीच्या भेटी ठरलेल्या दिवशी नक्की व्हाव्यात ही कदाचित त्यांची सगळ्यात मोठी काळजी असेल. आकडे ऐकूनच ते बिथरले, तर समजून घ्या की एकमत अजून झालेलं नव्हतं. ते आत्ता कळलेलं बरं.

प्रतिज्ञापत्राचं काम त्यामानाने सोपं आहे. लग्नाची तारीख व ठिकाण, दोघांचे आत्ताचे पत्ते, मुलीचं नाव व जन्मतारीख, केव्हापासून वेगळे, समेटाचे प्रयत्न झाले आणि यश आलं नाही, संमती स्वतःच्या मनाने दिलेली आहे, कोणाचा दबाव किंवा फसवणूक नाही, आणि सोबतच्या अटी मला मान्य आहेत. एवढंच. सरतपासणीऐवजी, म्हणजे न्यायालयात तोंडी द्यायच्या जबाबाऐवजी, हेच वाचलं जातं, म्हणून अर्जातली आणि यातली प्रत्येक तारीख जुळली पाहिजे. नावांचाही घोळ पाहा: विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, अर्जात तिसरंच स्पेलिंग असं असेल तर "उर्फ" घालून सगळी नावं एकदा लिहा. विवाह प्रमाणपत्र, आधार, मुलीचा जन्मदाखला, फोटो यांच्या प्रती आणि मूळ कागद दोन्ही न्या. अटींच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या हव्यात. सर्वांत शेवटी एक विनंती स्पष्ट शब्दांत लिहा, की या संमतीच्या अटी हुकूमनाम्याचा भाग कराव्यात. ती नसेल तर दरखास्तीच्या वेळी अडचण येते. किती प्रती, कोणत्या कागदावर, कोणापुढे शपथ घ्यायची, हे दाखल विभागात विचारा. प्रत्येक ठिकाणची पद्धत थोडी वेगळी असते आणि विचारण्यात कमीपणा नाही.

तारीख ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तुमच्या प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) घालून आदल्या दिवशी तपासा. त्या दिवशी न्यायाधीश तुम्हाला संमतीबद्दल विचारतील. पाठ केलेलं बोलू नका. कायद्यानुसार हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. अटींवर सही झाली म्हणून तुमचं तोंड बंद झालेलं नाही. काही खटकत असेल तर समुपदेशकांकडे एकटीने बोलायची वेळ मागा. ती मिळते.

सहा महिन्यांविषयी इतर वाचकही विचारतात, म्हणून मधेच सांगते. २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत सक्तीची नसल्याचं म्हटलं. अर्जाआधीच दीड वर्षाचा वेगळेपणा झाला असेल, समेटाचे प्रयत्न थकले असतील आणि पोटगी-ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं असेल, तर मुदत माफ करण्याचा अर्ज देता येतो. तुमचे सहा महिने संपतच आलेत, तुम्हाला त्याची गरज नाही. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांसाठी कलम २८ मध्ये जवळपास हीच पद्धत आहे. आणि ज्यांच्यामध्ये ४९८अ (पत्नीच्या छळाचं जुनं कलम, २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) सारखी फौजदारी तक्रार आहे त्यांनी वकिलाशिवाय जाऊच नये. "तक्रार मागे घेऊ" असं अटींमध्ये लिहून ती संपत नाही, ती रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं.

राहिला तुमच्या दादांचा प्रश्न. ते आणि तुमचे यजमान दोघंही वकील म्हणजे लढणारा माणूस असंच धरून चाललेत. एकाला म्हणून तो हवाय, दुसऱ्याला म्हणून नकोय. पण मसुदा तुम्ही दोघांनी लिहायचा, न्यायालयात तुम्हीच उभं राहायचं, आणि सही करण्याआधी एका वकिलाने तो फक्त तुमच्या बाजूने वाचायचा, असंही करता येतं. तुमच्या बाबतीत मी हेच करायला सांगेन, ते मुख्यतः फ्लॅट आणि कर्जासाठी. यजमानांनी आपला वकील वेगळा बघावा. एकच वकील दोघांचा मसुदा टाइप करू शकतो, पण दोघांचं हित एकाच वेळी नाही पाहू शकत. आणि पैशाची काळजी असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, मग उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, आणि १५१०० ही त्यांची हेल्पलाइन आहे. तिथे जाताना अटींचा कच्चा मसुदा, मूळ अर्ज आणि कर्जाचं स्टेटमेंट न्या, आणि विचारा: "यातली कोणती अट उद्या दरखास्तीत टिकणार नाही?" दादांनाही सोबत न्या. त्यांच्या रागामागे काळजी आहे आणि त्यांना ती तिथे बसून विचारता येईल.

चुकीने सगळं मुसळ केरात जाईल का? नाही. कागद अपुरा असला तर पुढची तारीख मिळते, पूर्तता करायला सांगतात. टंकलेखनाची चूक हुकूमनाम्यात राहिली तरी अर्ज देऊन दुरुस्त होते. खरी न सुधारणारी चूक म्हणजे न वाचता, न मोजता केलेली सही, आणि ती टाळायला तुमच्याकडे अजून एक महिना आहे.

हुकूमनामा झाल्यावर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे दोघांना त्याची एकेक प्रत विनामूल्य मिळते. ती हातात आल्यावर अटी सोबत जोडल्या आहेत का, नावं, तारखा आणि रकमा बरोबर आहेत का, हे नीट तपासा. नक्कल विभागातून दोन-तीन प्रमाणित प्रती जास्तीच्या घेऊन ठेवा. बँक, सोसायटी, पासपोर्ट, मुलीची शाळा सगळीकडे लागतात. विमा, भविष्य निर्वाह निधी आणि बँक खात्यांवरचे नॉमिनी आपोआप बदलत नाहीत, ते त्याच आठवड्यात बदला. आणि फ्लॅटच्या मुदतीची तारीख त्यांच्याही फोनमध्ये टाकून घ्या.